पाखडलेले हॉप्स

जर्मनीत, आमच्या झिंडेलफिंगेनच्या इमारतीत वल्लरी शेंडे राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने माझ्याकडे दही मागितलं. विरजणाला. मी वाटीत चमचाभर दही घालून दिलं, तर ती वाटी नाकाशी नेऊन म्हणाली, "चारुताई, तुमचं हे दही दोन-तीन पिढ्या दुकानातल्या योगर्टवर वाढलेलं आहे. आंबट येतं ना थोडं?" येत होतं खरं. मी तिच्याकडे बघतच राहिले. विरजणाला कोणी पिढ्या लावतं का!

मग हळूहळू कळलं. ती इस्लामपूरची, मायक्रोबायॉलॉजीतली एमएस्सी. लग्नाआधी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, मळीपासून अल्कोहोल करतात तिथल्या लॅबमध्ये, नोकरीला होती. यीस्ट जगवणं हे तिचं काम. पण स्थळं बघताना वडिलांनी सगळीकडे "साखर कारखान्यात केमिस्ट" एवढंच सांगितलं होतं. खोटं काही नव्हतं त्यात. वाईच्या शेंड्यांकडे तर तेवढंच सांगणं बरं होतं. तिच्या सासूबाई, प्रभाकाकू, चातुर्मासात कांदा-लसूण घरात येऊ देत नाहीत.

देवदत्त इथल्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. तो बरा मुलगा आहे, फक्त भांडणाच्या आधीच शरण जाणारा. वल्लरीच्या व्हिसावर सुरुवातीला नोकरीची परवानगी नव्हती. ती मिळेपर्यंत तिने फोल्कसहोखशूलमध्ये, म्हणजे इथल्या प्रौढांच्या शाळेत, जर्मन शिकून घेतलं आणि घरात, वीस लिटरच्या स्टीलच्या पातेल्यात, बिअर करायला लागली. झॉलआम्टला, म्हणजे कस्टम्सच्या कचेरीला, रीतसर कळवून. ती स्वतः पीत नव्हती म्हटलं तरी चालेल; चव घ्यायची, खळखळून थुंकायची आणि काहीतरी पुटपुटायची. "लॅबच्या बाईला हात चालवायला काहीतरी लागतं," असं म्हणायची.

परवानगी आली आणि तिने अर्ज पाठवायला सुरुवात केली. औषधांच्या कंपन्या, दुधाच्या डेअऱ्या. सगळीकडून छान शब्दांत नकार. शेवटी शेजारच्या गावातल्या एका लहानशा ब्रुअरीत ती सरळ जाऊन उभी राहिली. मालक हेर एबर्ले, म्हणजे एबर्ले साहेब. साठीच्या पलीकडचा, गालावर लाल शिरांची जाळी असलेला, कमी बोलणारा माणूस. त्याचं लॅबचं काम बघणारी बाई निवृत्त होत होती. त्याने वल्लरीचे कागद बघितलेच नाहीत.

"घरी करता म्हणालात ना? मग करून आणा," तो म्हणाला. आत जाऊन त्याने कापडी पिशवी भरून आणली. "नवीन पिकाचे डोल्डन आहेत. टेटनांगला माझा चुलतभाऊ लावतो. यांचीच करा. दुसरं काही नको."

डोल्डन म्हणजे हॉप्सची अख्खी फुलं. बोटाच्या पेराएवढी, हिरवी, कागदी पाकळ्यांची. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती बाहुलीच्या घरातल्या कोबीसारखी वाटली होती. वल्लरीने एक फूल मधोमध फाडून दाखवलं. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीधमक पूड होती, हळदीपेक्षाही चकचकीत.

"सगळा जीव यात आहे, चारुताई. कडूपणा, वास, सगळं. बाकी नुसता पाला."

मला तिने तेव्हाच समजावलं होतं, की हॉप्स तीन रूपांत मिळतात. अख्खी फुलं, म्हणजे आपला खडा मसाला. फुलं दळून दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या, पेलेट. तो कुटलेला मसाला, पाकिटात हवाबंद. आणि तिसरा डब्यातला चिकट अर्क. त्याने कडवटपणा येतो, बाकी काही नाही. तिच्या फ्रीजरमध्ये त्याच टेटनांगच्या जातीच्या पेलेटचं एक न फोडलेलं पाकीट होतं. "पण एबर्लेसमोर पेलेटचं नाव काढायचं नाही. सशाचं खाणं म्हणतात ते त्याला."

हे सगळं चाललं होतं तेव्हा प्रभाकाकू इथे आलेल्या होत्या. तीन महिन्यांसाठी. आणि चातुर्मास चालू.

देवदत्तने आईला काय सांगावं? त्याने सांगितलं, "ती एक औषधी वनस्पती आहे, आई. त्याचा चहा करतात. वल्लरीची नोकरीची परीक्षा आहे त्याच्यावर." पुरावा म्हणून ड्रगस्टोअरमधून होप्फेनचा, म्हणजे हॉप्सचाच, चहा आणून दाखवला. इथे तो मिळतोच, झोप लागावी म्हणून लोक पितात. काकूंना परदेशात झोप येत नव्हती. त्यांनी तो रोज घ्यायला सुरुवात केली आणि त्यांना झोप लागायलाही लागली. मला म्हणाल्या, "चारू, कडू आहे, पण गुणाचा आहे हो."

वल्लरी जिन्यात भेटली तेव्हा मी म्हटलं, "अगं, हे काय सांगून ठेवलंय?"

"मी नाही, तुमच्या देवदत्तांनी." सासू समोर असली की ती त्याला अहो-जाहो करायची आणि ती नसली की सरळ "देवा". "मला म्हणाला, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. माझ्या कामाला आयुष्यात एकदाही त्याच्या नावाने कोणी हाक मारलेली नाही, चारुताई. आधी साखर, आता चहा."

शनिवारी बिअर करायची ठरली. मला तिने मदतीला बोलावलं होतं, कारण वीस लिटरचं पातेलं एकटीने हलत नाही. मी सकाळी वर गेले तेव्हा जिन्यापर्यंत वास आला होता. भिजवलेल्या जवाचा, भाजलेल्या पावासारखा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जवच. ते कोमट-गरम पाण्यात भिजत होते आणि वल्लरी थर्मामीटर धरून उभी होती. काकू देव्हाऱ्यासमोर बसून जप करत होत्या. मध्येच त्यांनी मान वळवून विचारलं, "खीर करतेयस का गं?"

"नाही आई, चहाचंच."

"चहात जव?"

"इकडे घालतात," देवदत्त पटकन म्हणाला.

वल्लरीने ओठ दाबले. तिने माल्ट गाळून तपकिरी गोड रस पातेल्यात घेतला. मी चव बघितली, काकवीचं पाणी. पातेल्याला तळाशी देवदत्तने नळ बसवला होता आणि आतून बारीक चिरा पाडलेली तांब्याची नळी. उकळून झालं की फुलं तळाशी बसतात, त्यांच्या थरातून रस गाळत नळाने बाहेर पडतो. फुलंच गाळणी. त्याला त्या नळाचा फार अभिमान होता.

"उकळी येईल आता. देवा, खाली केलरमधून, तळघरातून, पिशवी आण," वल्लरी म्हणाली. अहो म्हणायचं विसरली. काकूंचा जप क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

देवदत्तने पिशवी आणली. नाडीला सुंदर सरगाठ मारलेली होती. वल्लरी त्या गाठीकडे बघत राहिली. "ही गाठ माझी नाही."

तिने पिशवी उघडली, हात घातला, ओंजळ वर काढली. मीही वाकले. मला त्या दिवशीचा वास आठवत होता. पिशवी उघडताच लिंबाच्या पानासारखं आणि मिरीसारखं काहीतरी अंगावर आलं होतं. आता वाळलेल्या गवताचा वास येत होता. फुलं हिरवी नव्हती, पिवळट-तपकिरी पडली होती. वल्लरीने एक फाडलं. आत पिवळी पूड नव्हती. दुसरं फाडलं, तिसरं फाडलं. मग ती फाडतच सुटली.

"काय झालं?" मी विचारलं.

देव्हाऱ्यापासून काकू उठून आल्या. चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान. "बघितलंस ना? मी कालच नीट करून ठेवलाय तुझा चहा. बटाटे आणायला तळघरात गेले होते, म्हटलं बघू तरी पोरीचं सामान कसं आहे. अगं, तो सादळलेला होता. हाताला मऊ लागत होता. आणि आत सगळा पिवळा भुगा. कीड लागली होती त्याला! मग वर आणला, सूप नव्हतं म्हणून ताटात घेऊन पाखडला, सगळा भुगा काढून टाकला आणि तुम्ही दोघं बाहेर होतात तर दिवसभर गॅलरीत ऊन दाखवलं. काल ऊनही काय छान पडलं होतं."

पातेल्यातून पहिली वाफ निघाली.

वाईला त्यांच्या घरी वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी असंच ऊन दाखवून ठेवतात. आमच्याकडेही ठेवायचे. भुगा दिसला की पाखडायचं, हे आपल्या बायकांच्या हातांना सांगावं लागत नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, असं मला तिथे उभी असताना वाटलं.

"टाकून दिला?" वल्लरीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तो भुगा... कुठे टाकलात, आई?"

"गॅलरीतून खाली. झाडांना. का गं?"

"काही नाही, काही नाही," देवदत्त म्हणाला. "होतं असं."

"मग दुसरा आणा की बाजारातून! तो माझा चहाचा खोका आहे, तो घे," काकू म्हणाल्या.

"हो, आई, तसंच करू."

"नाही," वल्लरी म्हणाली. तिने हातातल्या फाटक्या पाकळ्या ओट्यावर ठेवल्या, हात पदराला पुसावेत तसे ॲप्रनला पुसले. "आई, हा चहा नाही. मी बिअर करतेय. नोकरी बिअरच्या कारखान्यात आहे. तुम्हाला खोटं सांगितलं."

देवदत्तने डोळे मिटून घेतले.

काकू पहिल्यांदा सुनेकडे बघतच नव्हत्या, मुलाकडे बघत होत्या. "देवा, तू मला रोज काय प्यायला देतोयस?"

"चहाच गं, आई! शपथ! त्यात दारूचा थेंब नाही. वनस्पती तीच, पण..."

"चातुर्मासात."

"थेंब नाही, काकू," मीही म्हटलं. "मी बघितलंय खोक्यावर वाचून."

त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत दारूचं आहे म्हणून, तर मी त्या पिशवीला बोट लावलं नसतं." आणि आपला खोका, आपली भांडी, भगर आणि शेंगदाण्याचा डबा उचलून गॅलरीत जाऊन बसल्या. त्या ओट्यावर आता त्यांचं काही शिजणार नव्हतं.

वल्लरीने एबर्लेला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. ब्रुअरीतल्या कोणीतरी उचलून सांगितलं, मालक नव्या मालासाठी टेटनांगला गेलेत, सोमवारी येतील.

"बंद कर आज," मी म्हटलं. "सोमवारी दुसरे माग."

"हा रस सोमवारपर्यंत थांबत नाही, चारुताई. उद्यापर्यंत आंबेल. आणि त्याला काय सांगू? तुम्ही दिलेली पिशवी मला चार दिवस सांभाळता आली नाही?" तिने गॅस म्हणजे आमची ती काचेची शेगडी मंद केली. "मला उकळीला उशीर करता येईल, पण फार नाही."

मग ती एकदम लॅबची बाई झाली. तीन स्टीलच्या वाट्या मांडल्या. एकीत काकूंनी पाखडलेली फुलं. दुसरीत पेलेटचं पाकीट कापून दोन-चार गोळ्या. तिसरीत डब्यातल्या अर्काचा टिपका. तिन्हींवर उकळतं पाणी ओतून झाकण्या ठेवल्या. देवदत्त म्हणाला, "वल्लू, सरळ उत्तर आहे. डोल्डनच घाल. त्याने डोल्डन सांगितलेत, आपण डोल्डन घातले. आणि माझा नळ पेलेटने तुंबतो. पेलेट उकळल्यावर चिखल होतो, त्या चिरांतून काही उतरणार नाही."

"तुझा नळ!"

"मी फक्त सांगतोय."

"अर्क घातला तर?" मी विचारलं.

"नळ तुंबणार नाही आणि एबर्ले पहिल्या घोटाला ग्लास खाली ठेवतील."

तिने झाकण्या काढल्या. अर्काच्या वाटीला वासच नव्हता, जिभेवर मात्र कडू. पेलेटच्या वाटीतलं पाणी हिरवंगार, गढूळ, आणि त्यातून तो वास आला. लिंबाच्या पानाचा. थोडा मंद, पण तोच. मला एकदम हायसं वाटलं. वल्लरीने ती वाटी तशीच धरून ठेवली आणि मग फुलांची वाटी उचलली.

गॅलरीचं दार सरकलं. काकू उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. "इकडे दे," म्हणाल्या.

"आई, हे दारूचंच आहे."

"दिसतंय मला. प्यायची नाहीये. वास घ्यायचाय."

वल्लरीने फुलांची वाटी पुढे केली. काकूंनी वास घेतला, नाक आकसलं. "पावसात भिजलेला कडबा." मग दुसरी वाटी मागितली. ती नाकाशी धरली आणि किती वेळ तशाच उभ्या. वाटी परत देताना त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. "पहिला माझा ना? तो टाकून दे. पोरीच्या कामात घालू नकोस." आणि पुन्हा जाऊन बसल्या.

"पेलेट," वल्लरी म्हणाली.

"वल्लू, त्याने स्पष्ट—"

"गवताचं पाणी करून डोल्डन म्हणून त्याला पाजू? उकळी वाढव."

फुलं जेवढी घातली असती त्यापेक्षा थोड्या कमी गोळ्या तिने मोजून घेतल्या, कारण दळलेल्याचा कडवटपणा जास्त उतरतो. अर्ध्या आधी, वासाच्या शेवटी. उकळीचा दरवळ घरभर पसरला. देवदत्त नळाकडे असा बघत होता, जसं परीक्षेच्या निकालाकडे बघावं. शेगडी बंद केल्यावर वल्लरीने लांब उलथन्याने रस गोल गोल फिरवला, जोरात, एकाच दिशेने, आणि हात काढून घेतला. "आता बसू दे. साका मधोमध गोळा होतो."

थोडा वेळ गेला. देवदत्तने नळ उघडला. आधी धार आली, मग थेंब, मग काहीच नाही.

"सांगत होतो." त्याने पातेल्याला दोन्ही हातांनी धरून हलवायला सुरुवात केली.

"देवा! धक्का देऊ नकोस!" गॅलरीतून काकूंचा आवाज आला, तो शाळेतल्या मुलाला ओरडावं तसा. "खाली बसलेलं वर येईल सगळं. चीक केलाय का कधी कुरडईचा? हात काढ!"

त्याने हात काढले. वल्लरीने नळ बंद केला, वरून उकळत्या पाण्यातून काढलेली नळी घातली आणि वरचा निवळ रस थोडा थोडा करून ओढून घेतला. तळाच्या चिखलाला हात लावला नाही. वीस लिटरचे सोळाच भरले असतील. ते पाण्याच्या टबात ठेवून थंड करायचे, झाकण उघडं न ठेवता, कारण या वेळी हवेतला कोणताही जंतू आला तर सगळं फुकट. आम्ही दोघी टबातलं पाणी बदलत राहिलो, माझे हात सुरकुतले. यीस्ट घालून डबा केलरमध्ये ठेवला तेव्हा वल्लरीने पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकवली.

"झालं का मग?" मी म्हटलं.

"बिअर झाली. माझं नाही झालं. एबर्ले अजून बाकी आहेत."

पुढचे आठवडे त्या घरात वाईट गेले. काकू बोलायच्या, पण देवदत्तमार्फत. "तिला सांग, पोळ्या झाल्यात." स्वयंपाकघरातलं ते पातेलं खाली हलवेपर्यंत त्या माझ्याकडे येऊन आपली भगर शिजवायच्या. माझी मुलगी अवनी त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलायची आणि त्या तिला मराठीत उत्तरं द्यायच्या, दोघींचं बरं जमलं होतं. एकदा शेंगदाणे भाजता भाजता मला म्हणाल्या, "चारू, मी काही अडाणी आहे का गं? दारू आहे म्हटलं असतं तर मी ओरडले असते. रडलेही असते. मग गप्प बसले असते. पण चहा?"

वर नवराबायकोचं वेगळंच चाललं होतं. देवदत्तचं म्हणणं, जात तीच, मुलूख तोच, एबर्लेला कळणार नाही, तर कशाला उघड करायचं? "तू त्याच्याकडे नोकरी मागायला चाललीयेस की पापाची कबुली द्यायला?"

"त्याने मला एकच गोष्ट सांगितली होती, देवा."

"आणि ती तू मोडलीस. मग तोंडाने कशाला सांगायची?"

बाटल्या भरून झाल्या, थंडीत त्या मुरल्या. ऑक्टोबरच्या अखेरीला एबर्लेने बोलावलं. देवदत्त नेमका नेकारसुल्मला कामाला गेलेला, म्हणून गाडी मी चालवली. निघताना काकू दारात आल्या. मंगळसूत्र हातात धरून फिरवत होत्या, ती त्यांची सवय. त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा सुनेला सरळ सांगितलं, "माझी चूक अंगावर घेऊ नकोस. सांग त्याला, सासूने पाखडलं."

"तुम्ही चांगलंच करायला गेलात, आई. तुम्हाला ते काय आहे हे मी सांगितलं नाही, ती चूक माझी."

"दोन्ही सांग," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गाडीत वल्लरीने बाटल्यांची पेटी मांडीवर धरली होती. डाव्या हाताने झाकणं चाचपत होती. मी रेडिओ लावला, तिने बंद केला.

ब्रुअरीत ओल्या फरशीचा आणि जवाचा वास होता. एबर्लेने तीन ग्लास काढले, त्यातला एक माझ्यापुढे ठेवला. बाटली उघडली. फेस चांगला, पांढरा, घट्ट आला. त्याने ग्लास उजेडात धरला, मान हलवली आणि ओठांशी नेला.

"हेर एबर्ले, थांबा." वल्लरी उभी राहिली. "ही तुमच्या डोल्डनची नाही. पेलेटची आहे."

ग्लास तिथेच राहिला. ओठांपाशी. मग खाली टेबलावर आला. त्याच्या गालावरची जाळी अजून लाल झाल्यासारखी मला वाटली.

वल्लरीने पर्समधून कागदाची पुडी काढली, उलगडून त्याच्यासमोर ठेवली. काकूंनी पाखडलेली फुलं. तिने सगळं सांगितलं. ऊन, ताट, पिवळा भुगा. आमच्याकडे धान्य असं पाखडतात हेही. तिचं जर्मन एकदा अडखळलं आणि मग सरळ चालायला लागलं. एबर्लेने एक फूल उचलून चुरगाळलं, वास घेतला, आणि घशातून एक आवाज काढला, जसा कोणी मेलेल्या गोष्टीवर काढावा.

"घरात कोणाला माहीत नव्हतं हे काय आहे?"

"सासूबाईंना नव्हतं. आम्ही त्यांना चहा सांगितला होता."

"का?"

"बिअर म्हणायला भीती वाटत होती."

"आणि आता?"

"आता माहीत आहे. त्यांना आवडलेलं नाही. पण माहीत आहे."

"फोन का नाही केला?"

"केला होता. तुम्ही टेटनांगला होतात. रस थांबत नव्हता."

"आल्झो," म्हणजे 'असं तर', एवढंच तो म्हणाला. आम्ही दोघी उभ्याच. बाहेर कोणीतरी रिकामे क्रेट एकावर एक ठेवत होतं, त्याचा आवाज येत होता. मग त्याने ग्लास उचलला आणि प्यायला. एक घोट. तोंडात फिरवला. दुसरा. तिसरा घोट घेताना मी त्याच्या भुवयांकडे बघत होते, मला त्यातून काही कळेना.

"माझी बिअर नाही ही," तो शेवटी म्हणाला. "शेवटी कडवटपणा टोकदार आहे. पेलेट. मला ओळखू आलं असतं."

वल्लरीने मान खाली घातली.

"पण स्वच्छ आहे. आंबट नाही, बटरचा वास नाही, काही नाही. यीस्ट नीट सांभाळलंय." त्याने ग्लास संपवला आणि उलटा करून नळाखाली धरला. "माझे डोल्डन मी स्वतः सांभाळीन, फ्राऊ शेंडे. ते तुमच्या हातात देणार नाही. इतक्यात नाही. यीस्ट तुम्ही सांभाळा. सोमवारी साडेसहाला. रबरी बूट आणा."

तिला ते कळायला वेळ लागला. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, तेव्हा तिने "दांके" म्हटलं, तेही इतक्या हळू की त्याला ऐकू गेलं नसेल. परतीच्या वाटेवर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी बघितलं, तर ती मांडीवरच्या पेटीतल्या रिकाम्या जागेत बोट घालून बसली होती.

काकूंना दारातच सांगितलं. त्या म्हणाल्या, "साडेसहाला म्हणजे पाचला उठावं लागेल तुला," आणि घड्याळाकडे बघितलं, जणू सोमवार लगेच येणार होता. पुढच्या आठवड्यात त्या भारतात परतल्या. सुनेच्या हातची भगर खाऊन. त्या दोघींत याहून जास्त काही बोलणं झालं असेल तर मला माहीत नाही.

त्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी वल्लरीचा फोन आला. आवाज खोल गेलेला, दमलेला.

"कसा गेला गं दिवस? काय काय तपासलंस?"

"तपासणं कसलं, चारुताई! हंडा घासला. एक संपला की दुसरा. आत उतरून, ब्रश घेऊन. यीस्टला जायचं असेल तर आधी हंड्यातून जावं लागतं म्हणे. एमएस्सीचं आज सार्थक झालं." ती हसायला लागली, मग खोकली, मग पुन्हा हसली. "ठेवते. उद्या साडेसहाला पुन्हा आहे. हात इतके सुजलेत की फोन धरवत नाहीये."